हिरवी कड

मंडळी, आज थोडे तांत्रिक लिहिणार आहे. निवृत्त मास्तरीण बाईंनी मराठी आणि इतिहास सोडून हे काय काढले, असे वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय तांत्रिक असला तरी दुखणे घरचे आहे.

आईचा जन्म १९२५ चा. तिच्या शंभरीनिमित्त घरच्यापुरती एक पुस्तिका काढायची, असे आम्ही भावंडांनी ठरवले. आठवणी गोळा झाल्या, तिच्या हातच्या पदार्थांची यादी झाली. मुखपृष्ठाचे काम भाच्याने अंगावर घेतले. एक दिवस त्याचा फोन आला.

"मावशी, तुझ्या ब्लॉगवर कोपऱ्यात आजीचा फोटो आहे ना, त्याची मूळ फाइल पाठव. मी तिथून उतरवून घेतला, पण मरून कव्हरवर ठेवला की कडेनं हिरवं हिरवं दिसतंय."

"पाठवते रे," म्हटले आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर पाय गळाल्यासारखे झाले. मूळ फाइल नव्हतीच. आणि ती नसण्याला दुसरे कोणी नाही, मी जबाबदार होते.

हा फोटो १९७९ च्या मे महिन्यातला. धाकट्या बहिणीच्या केळवणाला सगळे जमले होते, तेव्हा गावातल्या फोटोग्राफरला बोलावून अंगणात काढलेला. कृष्णधवल. आई फोटो काढताना हमखास डोळे मिटायची, नाहीतर पदर सावरण्यात तरी असायची. या एकाच फोटोत ती सरळ समोर बघते आहे आणि हसते आहे. वय चोपन्न, पण कपाळावरच्या बटा पांढऱ्या झालेल्या आणि वाऱ्याने थोड्या उडालेल्या. मागे चुन्याने सारवलेली भिंत आणि त्या भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या.

२००८ साली मी ब्लॉग सुरू केला. निवृत्तीला वर्षभर उरले होते, उत्साह दांडगा होता. पानाचा रंग फिकट पोपटी ठेवला होता. वर कोपऱ्यात आई हवी, पण चौकोनी फोटो नको, नुसती आई हवी आणि तिच्यामागे मऊशी सावली हवी, म्हणजे ती पानावर उभी असल्यासारखी दिसेल, अशी माझी हौस. भावाकडून अल्बम आणला, झेरॉक्सच्या दुकानात फोटो स्कॅन करून घेतला आणि गिंप नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीन रात्री बसून आईभोवतीची रेघ आखली. शेजारची काकू गेली, भिंत गेली, अंगण गेले. मग सॉफ्टवेअरमधली सावली आईच्या मागे घातली, चित्र १८० ठिपके रुंद केले आणि वेबसाठी सेव्ह केले. काय आनंद झाला म्हणून सांगू! सगळ्यांना फोन करून करून पान बघायला लावले होते. घरच्यांना आठवत असेल.

नंतर कॉम्प्युटर हळू चालायला लागला तेव्हा मी जागा मोकळी केली. स्कॅनची फाइल चांगली मोठी होती. म्हटले, आता काम झाले, कशाला अडगळ? पुसून टाकली. अल्बम तर भावाकडे होताच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी शिरले. भावाचे घर तळमजल्यावर. माणसे वेळेवर बाहेर पडली हे नशीब. अल्बम ट्रंकेत होता आणि ट्रंक पाण्यात. उघडली तेव्हा पानांना पाने चिकटून लगदा झाला होता.

तेव्हा कोणी रडले नाही, कारण घर धुऊन काढायचे होते. आणि मनात कुठेतरी होते, की आईचा तो फोटो ताईच्या ब्लॉगवर आहे.

आहे. १८० ठिपके रुंद आणि कडेने हिरवा.

आता ती हिरवी कड आली कुठून, ते सांगते. मला हे सगळे कळायला बरीच वर्षे गेली, तुमचा वेळ वाचेल.

संगणकावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५. पारदर्शक चित्राला याशिवाय चौथा आकडा असतो. त्याला अल्फा म्हणतात. ० म्हणजे ठिपका नाहीच, मागचे सगळे दिसते. २५५ म्हणजे ठिपका पूर्ण भरीव. आणि मधले आकडे म्हणजे अर्धेमुर्धे: थोडा हा, थोडा मागचा. ही कल्पना एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ या दोघांनी १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काढली. दोन चित्रे एकमेकांत किती मिसळायची, हे सांगणाऱ्या सूत्रात अल्फा हे ग्रीक अक्षर वापरतात, तेच नाव पडले.

सगळी गंमत या मधल्या आकड्यांत आहे. भांड्याची कड, टेबलाचा कोपरा कसाही कापला तरी चालतो. पण उडालेली बट, साडीचा विरळ पदर, धूर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे सावली, या गोष्टी "आहे" आणि "नाही" यांच्या मधल्या जागेतच राहतात. सावलीला कडच नसते. ती विरत जाते.

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. मुले सावली काढताना काळ्या खडूने गच्च रंगवायची, तेव्हा ते म्हणायचे, "सावली काळी नसते रे बाळांनो. गवतावरची सावली हिरवीच असते, मातीवरची तांबडीच. जागेचाच रंग, फक्त उजेड कमी." अल्फाचे गणित नेमके हेच सांगते. समजा सावलीच्या एका ठिपक्याचा रंग काळा आहे आणि अल्फा ५१, म्हणजे वीस टक्के. मग तो ज्यावर पडेल त्याचा ऐंशी टक्के उजेड शिल्लक ठेवतो. माझ्या पोपटी पानाचे आकडे २२५, २४०, २१५ होते असे धरा. सावलीत ते १८०, १९२, १७२ होतात. भाच्याचे मरून कव्हर १२०, २०, ४० धरले, तर तिथे सावली ९६, १६, ३२ व्हायला हवी. तोच ठिपका, पण जागा बदलली की रंग बदलला. सरांना अल्फा माहीत नव्हता, पण सर बरोबर होते.

मी काय केले? मी चित्र जीआयएफमध्ये सेव्ह केले. हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली आणला आणि १९८९ साली त्यात पारदर्शकतेची सोय झाली. पण ही सोय फक्त दोन टोकांची. ठिपका एकतर पूर्ण दिसणार, नाहीतर मुळीच नाही. मधले काही नाही. रंगही एकूण २५६ च. फोटो कृष्णधवल असल्यामुळे २५६ रंग पुरतील, हा माझा हिशेब बरोबर होता. पण सावलीला आणि केसांना जो अर्धवटपणा लागतो, तो जीआयएफ देऊच शकत नाही.

त्यावर गिंपमध्ये एक उपाय होता, सेमी-फ्लॅटन नावाचा. अर्धपारदर्शक ठिपके घ्यायचे, पानाचा रंग सांगायचा, आणि ते ठिपके त्या रंगात कायमचे कालवून भरीव करून टाकायचे. मी पोपटी रंग सांगितला. पोपटी पानावर चित्र इतके सुंदर बसले, की मला वाटले मी जिंकले. प्रत्यक्षात मी आईच्या केसांत माझ्या पानाचा रंग कालवला होता. आणि सावलीचे १८०, १९२, १७२ हे आकडे पक्के गोठवले होते. ते आज मरून कव्हरवर ठेवले, तर सावली कापडापेक्षा उजळ! आईच्या मागे सावलीऐवजी शेवाळ चढल्यासारखे दिसते.

बरे, त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. जीआयएफमध्ये चित्र आटवण्याची जी पद्धत वापरतात तिच्यावर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस तिचे पैसे मागायची घोषणा झाली, तेव्हा इंटरनेटवरच्या काही जाणत्या मंडळींनी एकत्र येऊन पीएनजी हा नवा, मोफत प्रकार तयार केला. १९९६ मध्ये वेबच्या मानक संस्थेने, डब्ल्यू-थ्री-सीने, त्याला मान्यता दिली. त्यात अल्फाच्या पूर्ण २५६ पायऱ्या. म्हणजे मी बसले त्याच्या बारा वर्षे आधीपासून योग्य भांडे तयार होते. मला ते माहीतही होते. पण माझ्या बहिणीकडे आणि बऱ्याच ओळखीच्या घरांत जो जुना ब्राउझर होता, त्यात पीएनजीच्या पारदर्शक भागात राखाडी ठोकळा दिसायचा. बहिणीने फोनवर सांगितले, "अगं, आईच्या मागे पत्रा का लावलायस?" झाले! पत्रा काढण्यासाठी मी जीआयएफकडे गेले.

तो ब्राउझर आता कुणाच्या घरी नाही. बहिणीचा तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. माझ्या पानाचा पोपटी रंगही मी २०१२ साली बदलला. राहिली ती फक्त हिरवी कड.

तर आता माझे म्हणणे. चूक जीआयएफ निवडण्यात नव्हती. त्या दिवशी त्या पानासाठी तेच योग्य होते, आणि आज कुणी मला त्याच अडचणीत टाकले तर मी पुन्हा तसेच करीन. चूक अशी, की पानावर चढवायची प्रत आणि जपायची वस्तू या दोन गोष्टी मी एक समजले. "सेव्ह" या एका शब्दाने माझा घात केला. मराठीत आपल्याला वेगळे शब्द आहेत. लोणचे आपण बरणीत जपतो आणि ताटात वाढतो. ताटात वाढलेल्या फोडीला कुणी "जपून ठेवलेले लोणचे" म्हणत नाही. वेबसाठी सेव्ह केलेले चित्र म्हणजे वाढलेले ताट. ते त्या पंगतीपुरते. मी ताट वाढले आणि बरणी फोडली.

गिंपवाल्यांना हा फरक पटला असावा. २०१२ मध्ये आलेल्या २.८ या आवृत्तीपासून त्यांनी "सेव्ह" म्हटले की फक्त त्यांच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात, सगळे थर शाबूत ठेवून साठवायचे, आणि जेपीईजी, पीएनजी, जीआयएफ हवे असेल तर "एक्स्पोर्ट" म्हणायचे, अशी सक्ती केली. लोक खूप चिडले होते, एक क्लिक वाढली म्हणून. मीही चिडले होते. आज वाटते, ही सक्ती चार वर्षे आधी आली असती तर!

"पण मावशी," असे म्हणणारे घरात बरेच आहेत, म्हणून दोन-तीन आक्षेपांना आधीच उत्तर देते.

पहिला आक्षेप: आता फोटोवर बोट दाबून धरले की फोनच माणूस कापून देतो, एवढी मेहनत कशाला? देतो खरा, आणि माझ्या तीन रात्रींचे काम तीन सेकंदांत करतो. पण सोपे झाले म्हणूनच जपून. कापलेले चित्र ठेवायचे आणि मूळ पुसायचे, हा मोह आता तिप्पट झाला आहे. शिवाय कापलेले चित्र निरोपांच्या ॲपवरून फोटो म्हणून पाठवले की बहुधा त्याचे जेपीईजी होते. जेपीईजीला पारदर्शकता ठाऊकच नाही. मागे एकरंगी चौकोन येऊन बसतो आणि मग म्हणायचे, "माझ्याकडे तर नीट दिसत होतं." डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल आहे तशी पोचते. (आणि पांढऱ्या-राखाडी चौकटींचा पट मागे छापलेली चित्रे कृपया "पारदर्शक" म्हणून पाठवू नका. त्या चौकटी पारदर्शकतेची खूण म्हणून पडद्यावर दिसायच्या असतात. चित्रातच रंगवलेल्या असल्या तर ते चित्र भिंतीइतके भरीव आहे.)

दुसरा आक्षेप भाच्याचा. तो म्हणतो, आता वेबवर सावली चित्रात घालायचीच नाही. चित्र पारदर्शक ठेवायचे आणि सावली पानाच्या सूचनांतून पाडायची, ब्राउझर ती चित्राच्या आकाराबरहुकूम पाडतो. हे मला एकदम पटले. सावली जागेची असते असे आमचे सर म्हणत, ती जागेनेच पाडावी. पण त्यासाठीही चित्राच्या कडेचा अल्फा खरा लागतो. कड कालवलेली असेल तर सावलीही त्या कालवलेल्या कडेची पडते.

तिसरा आक्षेप: पीएनजी जड होतो. फोटोचा होतो, हे खरे आहे. त्यासाठी आता वेबपी आहे. गूगलने तो २०१० मध्ये आणला. त्यात फोटो हलकाही होतो आणि अर्धपारदर्शकताही राहते, आणि आजचे सगळे प्रमुख ब्राउझर तो दाखवतात. पानावर चढवायला तो वापरा. पण ते पुन्हा ताटच. बरणी वेगळी.

माझी स्वतःची पद्धत आता अशी आहे. स्कॅन आला की त्याला हात न लावता तो दोन ठिकाणी ठेवायचा, त्यातले एक ठिकाण घराबाहेरचे, शक्य तर दुसऱ्या गावातले (पुराने शिकवलेला धडा). काम त्याच्या नकलेवर करायचे. थरांची फाइल वेगळी: माणूस एका थरात, सावली दुसऱ्या थरात, मागचे तिसऱ्यात झाकून ठेवलेले, पुसलेले नाही. कापताना खोडरबर वापरायचा नाही, मास्क वापरायचा, म्हणजे कापलेले परत उघडता येते. पूर्ण आकारातला एक पीएनजी काढून ठेवायचा. आणि मग लहान, हलकी, पानापुरती प्रत. कड तपासायची ती पांढऱ्यावर, काळ्यावर आणि एखाद्या भडक रंगावर, तिन्हीवर ठेवून. एकाच रंगावर सुंदर दिसते म्हणून भुलायचे नाही. मी भुलले होते.

आता पुस्तिकेचे काय झाले ते सांगते. भाच्याने बरीच खटपट केली. गोठलेली सावली त्याने खरवडून काढली आणि नवी घातली, ती छान पडली. केसांपाशी मात्र त्याचे काही चालेना. हिरवे काढायला गेला की बटाही जायच्या आणि आई चापूनचोपून केस बसवलेली, कुणी दुसरीच बाई दिसायची. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे १८० ठिपक्यांची आई जेमतेम १५ मिलिमीटर रुंद. मोठी केली की धुरकट.

शेवटी त्याने विचारले, "मावशी, तुझ्या त्या पानाचा रंग नक्की कोणता होता?" जुन्या वहीत मी आकडे लिहून ठेवले होते. (मास्तरकी!) त्याने मरून कव्हर रद्द केले आणि अख्खे मुखपृष्ठ त्या फिकट पोपटी रंगाचे केले. मध्ये दोन बोटांएवढी आई, थोडी धुरकट, पण बटांसकट. सगळे म्हणाले, रंग किती शांत निवडलाय. मी गप्प बसले. आज लिहिते आहे.

एक गोष्ट भाच्यालाही सांगितली नव्हती. सावली सावली म्हणून मी एवढे लिहिले, पण त्या मूळ फोटोत आईची सावली होतीच. मे महिन्यातल्या उतरत्या उन्हाची, मागच्या चुन्याच्या भिंतीवर पडलेली, शेजारच्या काकूच्या सावलीत थोडी मिसळलेली. ती मी कापून टाकली आणि सॉफ्टवेअरमधली एक सावली तिच्या मागे लावली, जी कुणाच्याही मागे लावता येते. ती भिंत १९९६ साली घर पाडले तेव्हाच गेली होती. फोटोत होती तेवढीच शिल्लक होती.

असो. तुमच्यापैकी कुणाकडे, विशेषतः सातारा-कराडकडच्या मंडळींकडे, त्या केळवणाच्या फोटोची दुसरी प्रत निघाली तर मला कळवा. फोटोग्राफरने तेव्हा चार-पाच प्रती काढून दिल्या होत्या, एवढे मला पक्के आठवते. स्कॅन करून पाठवलात तर उत्तम. कापू मात्र नका. भिंतीसकट पाठवा.